बेस जंपिंगचे प्रशिक्षण

विमानातून नव्हे, तर जमिनीशी जोडलेल्या एखाद्या उंच स्थिर ठिकाणावरून पॅराशूटच्या साहाय्याने घेतलेल्या उडीला बेस जंपिंग असे म्हणतात. इमारत, मनोरा, पूल आणि नैसर्गिक कडा या चार प्रकारच्या ठिकाणांसाठी वापरलेल्या बिल्डिंग, अँटेना, स्पॅन आणि अर्थ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘बेस’ हे नाव तयार झाले. या उडीसाठी लागणारे प्रशिक्षण प्रत्यक्ष कड्यावर सुरू होत नाही. त्याचा मोठा भाग विमानातून घेतलेल्या उड्यांमध्ये म्हणजे स्कायडायव्हिंगमध्ये, पॅराशूटची घडी घालण्याच्या सरावात आणि ठिकाणाची पाहणी करण्यात जातो. पहिली बेस उडी हा या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा असतो. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळसारख्या ठिकाणचे खोल दऱ्या असलेले कडे या खेळासाठी योग्य वाटू शकतात. परंतु दख्खनच्या कड्यांची घडण पाहिली असता तो समज टिकत नाही. त्याचे विवेचन पुढे केले आहे.

पार्श्वभूमी

कड्यावरून किंवा मनोऱ्यावरून पॅराशूटसह उडी घेण्याचे तुरळक प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. आधुनिक खेळाची सुरुवात मात्र ऑगस्ट १९७८ मध्ये झाली असे मानले जाते. त्या वेळी अमेरिकेतील कार्ल बेनिश यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन या ग्रॅनाइटच्या कड्यावरून आयताकृती पॅराशूट वापरून उड्या घेण्यात आल्या व त्यांचे चित्रीकरणही झाले. चारही प्रकारच्या ठिकाणांवरून उडी पूर्ण करणाऱ्यास क्रमांक देण्याची प्रथा १९८१ मध्ये सुरू झाली आणि पहिला क्रमांक फिल स्मिथ यांना मिळाला. हा क्रमांक म्हणजे परवाना नव्हे. तो केवळ नोंदीचा भाग आहे. स्वतः बेनिश यांचा १९८४ मध्ये नॉर्वेमधील ट्रोलवेगन या कड्यावरून उडी घेताना मृत्यू झाला. या खेळाचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अत्यंत अनुभवी माणसाचा अंत असा झाला, ही बाब प्रशिक्षणाचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८६ मध्ये नॉर्वेने त्या कड्यावरून उड्या घेण्यास बंदी घातली.

उंची आणि वेळ

बेस जंपिंग व स्कायडायव्हिंग यांतील मूळ फरक धाडसाचा नसून वेळेचा आहे. स्कायडायव्हर साधारणतः ३००० ते ४००० मीटर उंचीवरून विमानाबाहेर पडतो आणि सुमारे ९०० मीटरवर किंवा त्याहून वर पॅराशूट उघडतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर असतो. पॅराशूट उघडलेच नाही, तरी जमीन गाठायला त्याला सोळा-सतरा सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मुख्य छत्री सोडून देणे व राखीव छत्री उघडणे शक्य असते. किंबहुना स्कायडायव्हिंगची सारी सुरक्षाव्यवस्था या सेकंदांवरच उभी आहे.

बेस जंपिंगमध्ये हे सेकंद नसतात. हवेचा विरोध दुर्लक्षिला, तर पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर, दोन सेकंदांत २० मीटर, तीन सेकंदांत ४४ मीटर आणि चार सेकंदांत ७८ मीटर अंतर कापते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स या गावाजवळ स्नेक नदीवर असलेला पेरिन पूल पाण्यापासून १४८ मीटर उंच आहे. तेथून पॅराशूट न उघडता पडल्यास पाणी गाठायला सहा सेकंदही लागत नाहीत. उडीनंतर दोन-तीन सेकंदांत छत्री सोडायची आणि पुढच्या एक-दोन सेकंदांत ती पूर्ण फुगलेली असली पाहिजे, असा हिशेब असतो. राखीव छत्री उघडण्यास वेळच नसल्यामुळे बेसच्या साधनात ती बहुधा नसतेच. एकच छत्री, तीही उडीपटूने स्वतः घडी घातलेली. ती उघडावी आणि योग्य दिशेला तोंड करून उघडावी, एवढ्यावर सर्व काही अवलंबून असते.

दुसरा फरक हवेचा आहे आणि तो नवख्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. विमानातून बाहेर पडणाऱ्यास विमानाच्या वेगामुळे पहिल्या क्षणापासून जोराचा वारा मिळतो. हातपाय थोडे हलवून तो शरीर सावरू शकतो. कड्यावरून उडी घेणाऱ्याचा आरंभीचा वेग जवळजवळ शून्य असतो. सुरुवातीच्या दोन सेकंदांत हवा इतकी ‘मऊ’ असते की हातांनी तिच्यावर रेलता येत नाही. पाय निसटला, डोके खाली गेले किंवा खांदा तिरका झाला, तर ती चूक पडता पडता सुधारत नाही, उलट वाढत जाते. विमानातून शेकडो उड्या घेतलेल्या माणसालाही कड्यावरून निघण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते, ती यामुळे. उष्ण हवेच्या फुग्यातून किंवा एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या उड्यांमध्ये अशीच स्थिर हवा आणि तरीही भरपूर उंची मिळते. म्हणून पूर्वतयारीसाठी त्यांचा उपयोग करतात.

तिसरी गोष्ट दिशेची. उलट दिशेला उघडलेली छत्री ही आकाशात फारशी गंभीर बाब नाही, कारण वळायला जागा असते. कड्यासमोर मात्र तीच प्राणघातक ठरते. जोर लावून कडा सोडणारा माणूस सेकंदाला साधारण दोन-तीन मीटर पुढे सरकतो. तीन सेकंदांत तो भिंतीपासून सहा ते नऊ मीटर लांब गेलेला असतो. उघडलेल्या छत्रीचा पुढे जाण्याचा वेग सेकंदाला आठ-दहा मीटर असू शकतो. छत्री भिंतीकडे तोंड करून उघडली, तर तिला वळवण्यासाठी जेमतेम एक सेकंद उरतो. कड्याला धडकणे हे या खेळातील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे.

स्कायडायव्हिंगचा पाया

बेस जंपिंगचे पहिले प्रशिक्षणवर्ग घेणारे अनुभवी प्रशिक्षक विद्यार्थ्याकडून आधी सुमारे २०० स्कायडायव्हिंग उड्यांची अपेक्षा ठेवतात. काही ठिकाणी ही अट थोडी शिथिल असते. अमेरिकेत स्कायडायव्हिंगचा प्राथमिक परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो. म्हणजे परवाना हातात येणे आणि बेससाठी तयार असणे यांत मोठे अंतर आहे. मात्र केवळ संख्येला अर्थ नाही. छत्रीखालील दोनशे बेफिकीर फेऱ्यांपेक्षा छत्री हाताळण्याचा हेतुपुरस्सर केलेला सराव अधिक मोलाचा ठरतो: मोठ्या, सात कप्प्यांच्या छत्रीवर ब्रेक खोल ओढून हळू उतरणे, टॉगल न वापरता मागच्या रायझर पट्ट्यांनी तत्काळ वळणे, वारा नसताना, बाजूने असताना आणि पाठीमागून असतानाही ठरवलेल्या जागेवर उतरणे. विमानतळालगतच्या मोकळ्या मैदानात पन्नास मीटर चुकले तर थोडे चालावे लागते. दरीच्या तळाशी तेवढ्याच चुकीत दगड, झाडे किंवा पाणी असते.

भारतात पॅराशूट प्रशिक्षणाची सर्वांत जुनी व शिस्तबद्ध परंपरा लष्कराची आहे. आग्रा येथील पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जवानांना आधी जमिनीवर उतरण्याची, लोळण घेण्याची आणि दारातून निघण्याची तालीम दिली जाते. त्यानंतरच्या पाच उड्या पूर्ण केल्यावर त्यांना पंखांचे चिन्ह मिळते. पॅराशूटने उतरणारे पहिले भारतीय म्हणून लष्करातील डॉक्टर ए. जी. रंगराज व हवालदार मेजर मथुरा सिंग यांची नावे घेतली जातात. ती घटना १९४१ मधील आहे. नागरी क्षेत्रात अर्चना सरदाना या भारतातील पहिल्या महिला बेस जंपर म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी अमेरिकेत बेस उडी घेतली, त्यापूर्वी त्या स्कायडायव्हर होत्या.

शीतल महाजन यांची पहिली उडी

महाराष्ट्रात हा विषय निघाला की पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांचे उदाहरण हमखास दिले जाते. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून सुमारे २४०० फूट उंचीवरून पॅराशूट उडी घेतली. त्या वेळी तापमान उणे ३७ अंश सेल्सिअस होते आणि त्यापूर्वी त्यांनी सरावाची एकही उडी घेतलेली नव्हती. २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट शिखरासमोर २१,५०० फूट उंचीवरून उडी घेतली.

या उदाहरणावरून ‘सरावाशिवायही पहिली उडी जमते’ असा निष्कर्ष कोणी काढत असेल, तर तो बेस जंपिंगला लागू पडत नाही. पॅराशूटची पहिली उडी प्रत्येकाचीच कधी ना कधी सरावाच्या उडीविना होते. आग्र्याच्या जवानाचीही होते. तिला भूप्रशिक्षणाचा आधार असतो आणि चूक झाल्यास उंचीचा. २४०० फूट म्हणजे सुमारे ७३० मीटर, पेरिन पुलाच्या जवळजवळ पाचपट. शिवाय ध्रुवावरील बर्फाच्या सपाट विस्तारात पाठीशी भिंत नव्हती. धाडस म्हणून ती उडी कितीही मोठी असली, तरी तिचा प्रकार वेगळा होता. कड्यावर उंचीची ही शिल्लक नसते, म्हणून ती अनुभवाने भरून काढावी लागते.

साधने आणि घडी

पहिल्या प्रशिक्षणवर्गातील बराचसा वेळ जमिनीवर गुडघे टेकून जातो. बेसच्या छत्रीची घडी स्कायडायव्हिंगच्या छत्रीपेक्षा वेगळी आणि सावकाश घातली जाते. नवख्याला एका घडीला एक तासही लागतो. स्कायडायव्हिंगची छत्री मुद्दाम हळू उघडेल अशी बनवलेली असते, कारण ताशी दोनशे किलोमीटर वेगात एकदम उघडल्यास शरीराला जबर झटका बसतो. उघडताना ती दीडशे ते तीनशे मीटर उंची सहज खर्च करते. ती पाठीला बांधून पुलावरून उडी घेणे म्हणजे उघडण्याआधीच उंची संपवणे होय.

बेसमध्ये छत्रीला बाहेर ओढणारी लहान छत्री, म्हणजे पायलट शूट, आकाराने मोठी असते. पडण्याचा वेळ जितका कमी, तितकी ती मोठी लागते. थोड्या विलंबाच्या उड्यांना एक मीटरहून अधिक व्यासाची, तर उंच कड्यांवरून पूर्ण वेग घेऊन उघडायची असल्यास त्याहून लहान वापरतात. स्लायडर हा दोऱ्यांवरून खाली सरकत येणारा आयताकृती कापडी तुकडा छत्रीच्या उघडण्याला लगाम घालतो. कमी उंचीच्या उड्यांना तो काढून ठेवतात. अशा वेळी सुकाणूच्या दोऱ्या वेगळ्या मार्गाने ओवतात, जेणेकरून एखादी दोरी छत्रीवरून आडवी गेल्यास ती सोडून देता येईल. कोणत्या उंचीला कोणती मांडणी, हे विद्यार्थ्याला पाठ नसून समजलेले असावे लागते. चांगले प्रशिक्षक घडी स्वतः घालून देत नाहीत. विद्यार्थ्याने घातलेली घडी ते उलगडायला लावतात आणि पुन्हा घालायला सांगतात.

पहिली उडी

पहिल्या उडीसाठी पूल निवडतात, कडा नाही. पुलाखाली आणि पुलामागे मोकळी हवा असते, त्यामुळे छत्री भलत्या दिशेला उघडली तरी धडकायला भिंत नसते. पेरिन पुलावरून वर्षभर परवान्याशिवाय उडी घेण्यास मुभा आहे आणि खाली नदी व उतरण्याजोगा काठ आहे. जगभरातील अनेकांची पहिली बेस उडी तेथे झाली आहे. पश्चिम व्हर्जिनियातील न्यू रिव्हर गॉर्ज पुलावर, २६७ मीटर उंचीवरून, ऑक्टोबरमधील एका शनिवारी भरणाऱ्या ‘ब्रिज डे’ या उत्सवात अशा उड्यांना परवानगी असते.

बऱ्याचदा पहिल्या उडीत विद्यार्थी पायलट शूट स्वतः फेकत नाही. मागे उभा असलेला प्रशिक्षक ती हातात धरून ठेवतो. विद्यार्थी खाली जाताच दोरी ताणली जाते, पाठीवरची पिशवी उघडते आणि मग पायलट शूट प्रशिक्षकाच्या हातातून सुटते. त्यामुळे विद्यार्थ्याला एकाच गोष्टीकडे लक्ष देता येते: सरळ, नजर समोर ठेवून, पाय समतोल राखून निघणे. पुढच्या उड्यांत तो पायलट शूट हातात धरून स्वतः सोडू लागतो आणि हळूहळू विलंब वाढवतो. कडा त्यानंतर, तोही बाहेर झुकलेला.

याच काळात परत फिरण्याचा सरावही व्हायला हवा. वारा वाढला, ढग उतरला, उतरण्याच्या जागी गुरे आली, तर साधन काढून पायी खाली येणे हा पूर्ण झालेला दिवस मानतात. प्रवासखर्च आणि जमलेले मित्र यांच्या दबावाखाली हे अवघड जाते, हे प्रशिक्षकांना ठाऊक असते.

तोरणमाळ आणि दख्खनचे कडे

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा उत्तर भाग सातपुड्याने व्यापलेला असून अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून १००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील सीता खाई ही खोल दरी आणि पावसाळ्यात तिच्यात कोसळणारे पाणी पाहण्यासाठी पर्यटक येतात. मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उडीसाठी मिळणारी उंची यांचा एकमेकींशी संबंध नाही. उडीपटूला लागते ती कड्याच्या कडेपासून सरळ खाली, पहिल्या आडव्या येणाऱ्या खडकापर्यंतची उंची. दरीच्या तळापर्यंतचीही नव्हे.

हा फरक दख्खनमध्ये विशेष महत्त्वाचा आहे. सातपुडा आणि सह्याद्री यांचे येथील डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनले आहेत. प्रत्येक थराचा टणक भाग उभ्या कड्यासारखा राहतो व मऊ भाग झिजून पायरी तयार होते. या खडकांना भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. लांबून अखंड दिसणारी भिंत प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांची असते. ४०० मीटर खोल दरीत पहिली पायरी ६० मीटरवर असेल, तर उडी ६० मीटरचीच समजावी लागते. नॉर्वेतील शेराग हा कडा याच्या उलट आहे: सुमारे १००० मीटर उंच आणि कठीण, सलग खडकाचा.

सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला असल्याने अपवाद ठरतो. पण तेथे खालून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. पर्यटकांना ही गंमत वाटते. छत्रीच्या दृष्टीने मात्र तो कडेलगतचा खवळलेला वारा आहे, ज्यात ती अर्धवट फुगू किंवा मिटू शकते.

उंची मोजण्यासाठी आता लेसरचे मापक वापरतात. दगड सोडून घड्याळाने वेळ मोजण्याची जुनी पद्धतही शिकवली जाते: दगड पाच सेकंदांनी आपटला, तर उंची ढोबळमानाने १२० मीटर, आवाज वर पोहोचण्याचा वेळ वजा केल्यास आणखी थोडी कमी. खाली वाटा, गुराखी किंवा वस्ती असेल तेथे दगड टाकायचा नसतो, आणि सातपुड्यात ज्याला निर्जन म्हणावे अशी दरी अनेकदा निर्जन नसते.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे आणि तिचा तेथील प्रवाह सरदार सरोवराच्या जलाशयात आलेला आहे. खाली पाणी असल्यास उडी सुरक्षित होते हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ओल्या छत्रीत व दोऱ्यांत गुंतून बुडण्याचा धोका असतो. त्यामुळे पाण्यावरील उडीला तरंगजाकीट, होडी आणि होडीत प्रशिक्षित माणूस आवश्यक असतो. शिवाय जलाशयाची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून पावसाळ्यानंतर मोजलेली उंची उन्हाळ्यात तीच राहत नाही आणि उन्हाळ्यात मोजलेली पावसाळ्यानंतर कमी भरते.

धोक्याचे प्रमाण

शेराग कड्यावर १९९५ ते २००५ या अकरा वर्षांत झालेल्या २०,८५० उड्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९ मृत्यू व ८२ अन्य अपघातांची नोंद होती, म्हणजे सुमारे २३०० उड्यांमागे एक मृत्यू आणि साधारण २५० उड्यांमागे एक अपघात. तुलनेसाठी, युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६.५ लाख स्कायडायव्हिंग उड्यांमध्ये १० मृत्यू झाले. शेराग हा उंच, नियोजनबद्ध आणि अनुभवी लोकांचा कडा आहे. प्रशिक्षणाने धोका नाहीसा होत नाही, हेही या आकड्यांतून दिसते. ते आकडे बहुतांशी प्रशिक्षित लोकांचेच आहेत.

परवानगी आणि बचाव

बेस जंपिंगला स्कायडायव्हिंगसारखी सर्वमान्य, श्रेणीबद्ध परवाना पद्धती नाही. त्यामुळे प्रशिक्षकाची पारख विद्यार्थ्यालाच करावी लागते. त्याने स्वतः किती वर्षे कोणत्या ठिकाणी उड्या घेतल्या, एका वेळी किती विद्यार्थी घेतो आणि कोणाला नकार दिला आहे का, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून जमीन, पाणी व हवेतील साहसी उपक्रम चालवणाऱ्या आयोजकांसाठी त्यात नोंदणीची तरतूद आहे. सातपुड्यातील कड्यांचा बराच भाग वनविभागाच्या अखत्यारीत येतो आणि तेथे कोणत्याही उपक्रमासाठी त्या विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

बचावाची योजना हा प्रशिक्षणाचा भाग मानला जातो आणि ती उडीच्या आधी लिहून ठेवतात. तोरणमाळहून शहादा हे मोठे गाव घाटरस्त्याने सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. दरीच्या तळाशी असलेल्या जखमीला आधी रस्त्यापर्यंत वर आणावे लागेल आणि त्यासाठी दोर, स्ट्रेचर व ते हाताळू शकणारी माणसे लागतील. मांडीचे हाड मोडल्यावर शरीरातल्या शरीरात मोठा रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे हा वेळ निर्णायक ठरतो. दरीत मोबाइलचा संपर्क मिळतो की नाही हे आदल्या दिवशी खाली उतरून तपासणे, उतरण्याच्या जागेवर प्रथमोपचार जाणणारी किमान एक व्यक्ती ठेवणे आणि जवळच्या पाड्यातील लोकांना पूर्वकल्पना देणे, ही कामे उडी घेणाऱ्या गटाने स्वतः करावयाची असतात.